मिस इंपी पोरं मोजत नाही

इंपी राउतिओला मोठ्या माणसांच्या खुर्चीवर बसता येत नाही, हे आहोल्यात सगळ्यांना माहीत आहे. उमेदीची सगळी वर्षं बालवर्गातल्या वीतभर उंच खुर्च्यांवर गेली. आता गुडघे दुसरं काही ऐकायला तयार नाहीत. चर्चमध्ये ती पायरीवर बसते, रे बुशारच्या बारमध्ये बिअरच्या उलट्या क्रेटवर. दातांच्या डॉक्टरकडे गेली तेव्हा त्या बिचाऱ्याला गुडघे टेकून दाढ काढावी लागली म्हणे. अर्थात हे सांगणारा रे बुशार, आणि त्याच्या बोलण्यावरचा फेस आधी फुंकून टाकायचा असतो.

आहोला म्हणजे मिशिगनच्या पार वरच्या टोकाला, मोठ्या सरोवराच्या काठावर, फिनलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव. तांब्याच्या खाणी गेल्या, लाकडाचा कारखाना गेला, जाळ्यात मासा येईना झाला. तरणीताठी माणसं मोठ्या पुलावरून दक्षिणेला निघून गेली आणि मागे उरले पेन्शनवाले, त्यांची कुत्री आणि मिस इंपी. मिस इंपीच म्हणायचं तिला. तिचा नवरा कार्लसुद्धा मरेपर्यंत तिला मिस इंपी म्हणायचा, आणि जेवायच्या आधी न सांगता हात धुवायचा.

ती बालवर्गाची बाई झाली तीही अपघातानंच. मासे साफ करायच्या शेडमध्ये कामाला होती. एका सोमवारी बालवर्गाची बाई रडत रडत शाळेतून पळाली. पोरगं चावलं होतं, दुसरं काही नाही. कुणीतरी मोठं माणूस हवं म्हणून हेडमास्तर धावत शेडवर आले आणि इंपीला म्हणाले, "आजचा दिवस निभावून ने." ती तशीच गेली, माशाच्या हातांनी. पोरांनी नाकं दाबून असा काही आक्रोश केला, की तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर हात धुतले. तेव्हापासून ती समोर दिसेल त्याला हात धुवायला लावते. पुढे राज्यानं सांगितलेले सगळे कोर्स तिनं केले, परीक्षा दिल्या, पास झाली. तो 'आजचा दिवस' मात्र अजून संपलेला नाही.

गावातल्या चाळिशीखालच्या प्रत्येकाचं नाक तिनं पुसलेलं आहे, त्यामुळे कायद्याची पंचाईत होते. डॅरिल पोलिसात लागला, नवी टोपी घालून रस्त्यावर उभा राहिला, आणि पहिलीच गाडी अडवली ती मिस इंपीची. "किती वेगानं चालवताय!" असं तो ओरडला. मिस इंपीनं काच खाली केली. "डॅरिल बाळा, आपला खोलीतला आवाज कुठे गेला?" डॅरिलनं आवाज खाली आणला. "आणि शर्ट कुणी खोचायचा?" त्यानं शर्ट खोचला. ती निघून गेल्यावर त्याला आठवलं की दंड आपण करायचा होता.

पण तिची एक खोड मात्र राज्यातल्या कुठल्याच कोर्सनं सुटली नाही. मिस इंपी पोरं मोजत नाही. बटणं मोजते, दगड मोजते, पोरांना पायऱ्या मोजायला शिकवते. पोरं नाही. जंगलात फिरायला नेलं की परतताना एकेकाचं नाव घेऊन हाक मारते. राज्यानं एक फिल्म पाठवली होती, दर तासाला डोकी मोजा म्हणून. ती चालू असताना ही बाई खिडकीबाहेर बघत बसली. का, तर तिचा बाप मासेमार. मासेमाराच्या घरात शिकवण अशी, की जित्याजागत्या जिवाची मोजदाद करायची नाही. होडीत असताना मासे मोजले की सरोवराला कळतं, आणि ते हात आखडतं. यावर कुणी हसलं तरी ती वाद घालत नाही, आणि मोजतही नाही.

आता राज्य सरकारचं बघा. तिकडे सगळा कारभारच मोजण्यावर. बालवर्गाला पैसे राज्याचे; ते मिळतात पोरामागे, आणि पोर म्हणजे मोजणीच्या दिवशी प्रत्यक्ष खुर्चीत बसलेलं पोर. ऑक्टोबरात एक बुधवार ठरलेला. त्या दिवशी जो हजर, तोच वर्षभर जन्माला आलेला असतो. आदल्या दिवशी शंभर पोरं असोत, दुसऱ्या दिवशी दोनशे येवोत, सरकारला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून राज्यभर त्या बुधवारी शाळांत जत्रा असते. कुठे पिझ्झा वाटतात, कुठे घोडा आणतात. एका शाळेनं तर आगीचा बंब आणून हेडमास्तरांनाच भिजवलं होतं. आणि आठाच्या खाली आकडा गेला, की वर्ग बंद.

आहोल्यात त्या वर्षी चार वर्षांची पोरं होती बरोब्बर आठ.

बालवर्ग बंद म्हणजे नुसता बालवर्ग बंद नव्हे. शाळेच्या इमारतीत तेवढा एकच वर्ग उरला होता. तो गेला की इमारत गरम ठेवणारा बॉयलर बंद, बॉयलर बंद की म्हाताऱ्यांचं गुरुवारचं जेवण बंद, बायकांचं गोधड्यांचं मंडळ बंद. त्यामुळे सप्टेंबर उजाडला तसे गावातले झाडून सगळे पेन्शनवाले त्या आठ पोरांना तळहातावरच्या फोडासारखं जपायला लागले. दुकानात कुणी शिंकलं की पाव न देता बाहेर काढायचे. रे बुशारनं बारमध्ये पाटी लावली, 'खोकणाऱ्याला बिअर नाही'. पाद्रीबुवांनी रविवारी प्रवचन दिलं कांजिण्यांवर. आठांपैकी एकाला झाडावर चढायची हौस, तर त्या झाडाखाली दोन म्हातारे गादी घेऊन आळीपाळीनं बसायचे. पोराला वाटलं ही गादी उडी मारण्यासाठीच ठेवलीय, मग तो जास्तच चढायला लागला.

मोजणीच्या आदल्या दिवशी दुपारी रे बुशार धापा टाकत वर्गात आला. सवयीनं आधी मोरीवर हात धुतले आणि मग म्हणाला, "मिस इंपी, घात झाला. वाइनो म्हणतोय सिल्वी उद्या येणार नाही."

"ताप आहे का?"

"ताप तिला नाही, म्हाताऱ्याच्या डोक्याला आहे! बारमध्ये येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, माझ्या नातीला कुणी मोजायचं नाही."

वाइनो लाहती हा गावातला शेवटचा मासेमार. बायको हेल्मी वारलेली, स्वभाव गाठीचा. बोलणं इतकं मोजूनमापून, की लग्नात 'हो' म्हटलं तेच बायकोला वर्षभर पुरलं असेल. सिल्वी त्याच्या धाकट्या लेकीची पोर. लेक मार्ला दक्षिणेला ग्रँड रॅपिड्सला इस्पितळात कामाला, पाळ्या रात्रीच्या, म्हणून पोर आजोबाकडे.

रे सांगत होता. "वर आणि पुरावा देतो, मिस इंपी! म्हणतो, बघा, सरकारनं पहिल्यांदा मोजली तेव्हा सोळा होती. पुढच्या मोजणीला चौदा. मग अकरा, मग नऊ, आता आठ. मोजतात म्हणूनच कमी होतात, मोजायचं थांबवा. आणि खरं सांगू का, बारमध्ये निम्म्या लोकांना पटलं."

"आणि तुला?"

रेनं हात पुसत जमिनीकडे बघितलं. "आकडे तर त्याच्याच बाजूनं आहेत ना..."

मिस इंपीला हे हसण्यावारी नेता येईना. कारण आकडे तिलाही माहीत होते, आणि बापाची शिकवणही. पण तिला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी रेला माहीत नव्हती. उन्हाळ्यात मार्ला येऊन गेली तेव्हा वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "मिस इंपी, ही खोली चालू आहे तोवर सिल्वी बाबांकडे राहील. खोली बंद झाली तर मी तिला घेऊन जाणार. तिकडे सगळी सोय आहे. बाबांना सांगायचं धाडस मला नाही." धाडस मिस इंपीलाही झालं नव्हतं. पोरांचे दात पडल्याची बातमी घरी कळवणारी बाई, पण ही बातमी गिळून बसली होती.

शाळा सुटल्यावर ती वाइनोच्या घरी गेली. अंगणात सिल्वी कुत्र्याला पाढे शिकवत होती. "पाप्पा सौनात आहेत," ती म्हणाली; आजोबाला ती पाप्पा म्हणायची. "तुम्ही आलात की सांगायचं, ते नाहीत."

घरामागच्या लाकडी सौनातून धूर येत होता. तापलेल्या दगडांवर पाणी ओतायचं आणि वाफेत बसायचं, हा इकडचा नेम. आणि आत बसलेल्या माणसाला हाक मारायची नाही, हा त्याहून मोठा नेम. वाइनो तिला लांबून बघूनच आत घुसला असणार. मिस इंपी दारापाशी सरपणाच्या ओंडक्यावर बसली.

"वाइनो."

आतून दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज आला.

"मला माहितेय तू आत आहेस."

पुन्हा चर्र.

"मी काही जात नाही. मला घाई नाही. चार वर्षांच्या पोरानं बूट घालेपर्यंत थांबणारी बाई आहे मी."

चर्र, चर्र. माणूस हट्टानं स्वतःला शिजवत होता. मिस इंपीला दाराच्या फटीतून येणाऱ्या वाफेनं घाम फुटला. आतल्याचं काय होत असेल ते त्यालाच ठाऊक. एव्हाना कुंपणावर रे, पाद्रीबुवा आणि गोधडी मंडळातल्या दोघी येऊन लटकल्या होत्या, आणि 'म्हातारा मेला तर सिल्वी सुतकात, मग मोजणीला चालेल का' अशी दबक्या आवाजात चर्चा चालली होती.

शेवटी मिस इंपी उठली. "वाइनो, बाहेर येतोस, की मी अंगणात उभी राहून सिल्वीला मोजू? मोठ्यानं?"

आतलं चर्र बंद झालं. मग दार उघडलं आणि कमरेला टॉवेल, अंग उकडलेल्या बीटासारखं, असा वाइनो बाहेर आला. "तू असं करणार नाहीस," तो म्हणाला. "तू यर्यो नीमीची मुलगी."

"नाही करणार," मिस इंपी म्हणाली. "पण आलास ना बाहेर? बस. पाणी पी."

त्यानं पाणी प्यायलं. आणि सौनातून निघालेल्या माणसाची गाठ सैल होते म्हणतात तशी त्याची झाली. एरवी महिन्याला पुरतील एवढे शब्द त्यानं एका दमात खर्च केले.

"एका ख्रिसमसला पाचही पोरं टेबलाशी बसली होती. मला असा अभिमान वाटला, इंपी, की मी बोट दाखवून मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. हेल्मी म्हणाली, मोजू नका हो. मी हसलो. पुढच्या उन्हाळ्यात थोरला गेला डेट्रॉइटला. मग एकामागून एक. मार्ला शेवटची. मी एकदा मोजली, आणि पाचच्या पाच गेली. आता ही एक आहे. हिला मोजू देणार नाही."

या माणसाला कसं सांगायचं? पण आता न सांगणं हे पाप होतं.

"वाइनो, ऐक. उद्या ती आली नाही तर खोली बंद. खोली बंद झाली तर मार्ला तिला घेऊन जाणार. मला म्हणाली होती. तुला सांगायला हवं होतं, जीभ उचलली नाही."

वाइनोचा टॉवेल सुटत होता, त्याचंही त्याला भान नव्हतं. मिस इंपीनं पोराची चड्डी वर ओढावी तितक्या सहज तो खोचला.

"म्हणजे मोजली तर जाणार," तो म्हणाला, "आणि नाही मोजली तरी जाणार."

"तसंच झालंय खरं."

"मग मी काय करू, सांग ना!" म्हातारा ओरडला. त्याचा ओरडा गावानं पहिल्यांदाच ऐकला. कुंपणावरची एक बाई खाली पडली.

मिस इंपी पुन्हा ओंडक्यावर बसली. "तुझा बाप काय करायचा?" तिनं विचारलं. "मासे घेणारा व्यापारी होडीवरच यायचा, आकडा मागायचा. माझे बाबा तर पाण्यात उडी मारायचे."

वाइनोनं कपाळ पुसलं. "लाकडी मासा," तो हळूच म्हणाला. "बाबांनी कोरलेला होता एक. व्यापारी आला की खोक्यात टाकायचे. तो मोजायचा चाळीस, खरे एकोणचाळीस. आकडा चुकला की मोजणी लागत नाही. सरोवर फसतं."

"मग झालं तर," मिस इंपी म्हणाली. "उद्याचा लाकडी मासा तू."

बुधवारी सकाळी राज्याचा माणूस आला. पूर्वी शाळा आपापलीच मोजायच्या, पण मध्ये कुठल्याशा गावानं एकच पोरगं टोपी बदलून दोनदा मोजलं, तेव्हापासून छोट्या वर्गांवर माणूस पाठवतात. या वर्षीचा ग्रॅहम पेटिग्र्यू नावाचा, तिशीचा, पुलाखालून आलेला. पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्या सगळ्यांना आमच्याकडे पुलाखालचे म्हणतात, गोष्टीतला राक्षस पुलाखाली राहतो तसे. हा मात्र राक्षस कुठला, गाडीतून उतरून आधी बर्फात घसरून पडला. ऑक्टोबरात बर्फ असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"नमस्कार, मी राज्याकडून..."

"हात धुवा," मिस इंपी म्हणाली.

त्यानं धुतले.

"बोटांच्या मध्ये पण. शाब्बास. बसा."

तो वीतभर खुर्चीवर बसला, गुडघे कानांशी. समोर गोल करून आठ पोरं बसली होती, प्रत्येकापुढे दूध आणि निसू, म्हणजे आमचा वेलदोड्याचा गोड पाव. आणि झाडावर चढणाऱ्या पोराच्या नि सिल्वीच्या मध्ये, तशाच खुर्चीवर, चर्चचा कोट घालून वाइनो लाहती. खिडक्यांच्या सगळ्या काचांना बाहेरून गावाची नाकं चिकटली होती.

पेटिग्र्यूनं पेन काढलं आणि थांबला. "हे गृहस्थ कोण?"

"त्यांना धरून मोजायचं," मिस इंपी म्हणाली.

"पण ते चार वर्षांचे नाहीत."

"ते दिसतंच आहे. तुम्ही तोंडानं नऊ म्हणा, कागदावर आठ लिहा. कागदाला काही होत नाही, कानांना होतं." आणि तिनं त्याला थोडक्यात सगळं सांगितलं; मासे, होडी, सोळा, चौदा, अकरा, नऊ.

पेटिग्र्यूचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता, पण त्यानं आयुष्यात चुकीचा आकडा तोंडातून काढला नव्हता. "मॅडम, मी नऊ म्हटलं तर नऊ पोरं झाली. आठांवर एक जरी पोर गेलं तरी दुसरं मोठं माणूस हवं वर्गात, असा नियम आहे. मला वर्ग बंद करावा लागेल."

"मग मला मोठं माणूस धरा," वाइनो म्हणाला.

"तुम्हाला मोठं धरलं तर पोरं आठच राहिली! मग दुसरं मोठं माणूस कशाला हवं?"

"मग मला पोर धरा."

"मग नऊ झाली!"

"तेच तर म्हणायला सांगतोय ना, बाबा!"

पेटिग्र्यूनं डोकं धरलं. खिडकीबाहेरून रे बुशार ओरडला, "अर्धा धरा त्याला! आठ अधिक अर्धा!" पाद्रीबुवा म्हणाले, चर्चमध्ये सत्तरीच्या पुढच्या माणसाला निम्मी वर्गणी असते. गोधडी मंडळाचं म्हणणं पडलं, की वाइनोला मूल धरलं तर त्याला चार वर्षांची लस टोचली पाहिजे. डॅरिल पोलीस आत येऊन म्हणाला, मी दुसरं मोठं माणूस म्हणून उभा राहतो. त्याला मिस इंपीनं बूट पुसायला परत बाहेर पाठवलं.

एवढ्यात वाइनो उठायला लागला. त्यानं सिल्वीचा हात धरला. "चल बाळ, आपण घरी जाऊ," तो म्हणाला.

मिस इंपी पेटिग्र्यूच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि फार हळू म्हणाली, "ग्रॅहम बाळा, इकडे बघ. ती पोर त्या दारातून गेली तर सात राहतील. मग ना तिला खोली, ना त्याला नात. एकदाच म्हण. मी आहे इथे."

पेटिग्र्यूनं घाम पुसला. उभा राहिला. एक एक बोट नाचवत, कापऱ्या आवाजात त्यानं मोजलं, आणि वाइनोपाशी डोळे मिटून घेतले. "...आठ... न... नऊ."

बाहेर टोप्या उडाल्या. वाइनोनं एवढा मोठा श्वास सोडला की समोरचा कागदी रुमाल उडाला. सरोवर फसलं होतं, वर्ग वाचला होता, पेटिग्र्यू आठ लिहायला पेन टेकवत होता.

"चूक!" सिल्वी म्हणाली.

ती उभी राहिली, कमरेवर हात. "पाप्पा पोर नाहीत. पाप्पा म्हातारे आहेत." आणि 'थांब' म्हणायला कुणाचं तोंड उघडायच्या आत ती गोलाच्या मधोमध गेली. मिस इंपी बटणं मोजायला शिकवते तशी, प्रत्येकाला बोट लावत, न चुकता, न वगळता. "एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात." प्रत्येक आकड्याला वाइनोच्या अंगावर कुणी चाबूक ओढावा तसा तो दचकत होता. शेवटी तिनं बोट आपल्याच छातीवर टेकवलं. "आणि मी. आठ."

"बरोबर," पेटिग्र्यू म्हणाला. तो बिचारा सुटकेनं रडायच्या बेतात होता. "अगदी बरोबर." त्यानं लिहिलं, सही केली, सिल्वीनं पुढे केलेला पाव घेतला आणि आणखी कुणी काही मोजायला सांगायच्या आत गाडीकडे पळाला. पुन्हा घसरून पडला, पण उठला.

खिडकीतली नाकं एकेक करून गेली. गाव जिंकलं होतं, पण ओरडायचं धाडस कुणाला झालं नाही, कारण वाइनो अजून त्या खुर्चीवर बसून होता. पोरं खेळायला पांगली. सिल्वी झाडवाल्या पोराला 'तू तीन आहेस, विसरू नकोस' म्हणून बजावत होती.

"इंपी," वाइनो म्हणाला, "ती स्वतःला मोजून बसली. आता जाणार ना?"

मिस इंपीच्या ओठांवर आलं होतं, 'नाही रे राजा'. आई आत्ता येईल, अजिबात दुखणार नाही, असं रोज सांगणारं तिचं तोंड. पण समोरचा माणूस काही चार वर्षांचा नव्हता.

"जाणार, वाइनो. सगळी जातात. माझ्या या खोलीतून आजवर एकही राहिलं नाही. मोजलं म्हणून गेली नाहीत, मोठी झाली म्हणून गेली. मीच शिकवते मेली त्यांना जायला." तिनं टेबलावरचा पावाचा चुरा गोळा केला. "पण या वर्षी नाही. आज मार्लाला फोन कर आणि सांग, खोली चालू आहे."

वाइनोनं खिडकीबाहेर सरोवराकडे बघितलं.

"या वर्षी नाही," तो म्हणाला.

"या वर्षी नाही."

त्यानं कोटाची बटणं सोडली, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि टेबलाकडे खुर्ची सरकवली. "मग मलाही दूध दे," तो म्हणाला.

मिस इंपीनं पेला भरला आणि त्याच्यासमोर ठेवला.